२०२४ चा खरा गेम ऑफ द इयर कोणता? सहा ठिकाणी तीन वेगळी नावं कशी काय आली?

पत्तेपिसाट:

मंडळी, २०२४ चे सगळे पुरस्कार आता वाटून झालेत, एप्रिल २०२५ मधला ब्रिटनचा बाफ्ता पण झाला, त्यामुळे आता तरी डोकं न फिरवता यावर बोलता येईल असं वाटतंय. डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये अ‍ॅस्ट्रो बॉटचं नाव पुकारलं तेव्हा जिकडे बघावं तिकडे हाणामारी चालू होती, वुकाँगवाले वेगळे पेटलेले, एल्डन रिंगवाले वेगळे, आणि मधूनच कोणीतरी येऊन "पोरासोरांच्या गेमला दिलं काय" अशी पिंक टाकून जायचा.

द गेम अवॉर्ड्सच्या सहा नॉमिनेशनची यादी आठवत नसेल त्यांच्यासाठी: अ‍ॅस्ट्रो बॉट, बलाट्रो, ब्लॅक मिथ वुकाँग, शॅडो ऑफ द अर्डट्री (एल्डन रिंगची नंतर आलेली पुरवणी, म्हणजे डीएलसी), फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ आणि मेटाफर रीफँटाझिओ. आता निकाल बघा. द गेम अवॉर्ड्स, डाइस आणि बाफ्ता, तिन्हीकडे अ‍ॅस्ट्रो बॉट. गोल्डन जॉयस्टिक, जिथे पब्लिकची मतं चालतात, तिथे वुकाँग. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर पण पब्लिकनेच ठरवलं, वुकाँग. आणि मार्चमध्ये जीडीसी या गेम डेव्हलपरांच्या परिषदेचे पुरस्कार झाले, जिथे गेम बनवणारे लोकच मत देतात, तिथे बलाट्रो. बरं डाइसला पण गेम इंडस्ट्रीतलेच लोक मत देतात, म्हणजे धंद्यातल्या लोकांचं सुद्धा आपसात जुळत नाहीये.

माझं मत बलाट्रो, म्हणजे तो पोकरच्या पत्त्यांचा गेम, नावावरून कळलंच असेल. तो एका कॅनडातल्या माणसाने बनवलाय, लोकलथंक नावाने वावरतो, खरं नाव त्याने बाहेर येऊ दिलेलं नाही. पण "एकट्याने बनवला" म्हणून त्याला द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, ती सहानुभूती झाली. मी म्हणतोय गेम म्हणून बघा. पहिल्या ब्लाइंडला (फेरीला) ३०० पॉइंट लागतात. आठव्या अँटीच्या (टप्प्याच्या) बॉसला, म्हणजे शेवटच्या अवघड फेरीला, सहसा एक लाख. पत्ते तेच ५२, साधी जोडी लावली तर मूळचे १० चिप्स गुणिले २, फ्लश (एकाच जातीचे पाच पत्ते) लावला तर ३५ गुणिले ४, त्यात पत्त्यांचे आकडे मिळवायचे, म्हणजे नुसत्या पत्त्यांवर तुम्ही कुठेच पोचत नाही, मग जोकर नावाचे खास पत्ते घ्यायचे, एकूण १५० आहेत, आणि हे जोकर एकमेकांशी काय संधान बांधतात त्यावर सगळा खेळ. आणि ते शेजारी कुठल्या क्रमाने ठेवलेत त्यावर पण, कारण मोजणी डावीकडून उजवीकडे होते, आधी बेरीज करणारा आणि मग गुणाकार करणारा जोकर ठेवला तर एक स्कोअर आणि उलटं ठेवलं तर त्याच्या अर्धा पण येत नाही. हे गेम तुम्हाला कुठे ओरडून सांगत नाही, तुमचं तुम्हाला लक्षात येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी झोप गेली.

माझा निकष एकच आहे. गेम जे करायला निघाला होता ते त्याने किती पुरं केलं. ग्राफिक्स, किती तास चालतो, किती लोकांनी बनवला, हे सगळं बाजूला ठेवा. या निकषावर सहातला कुठला बसतो ते सांगा, किंवा निकषच चुकीचा वाटत असेल तर तेही सांगा, पण कृपया कारण द्या, नुसतं "ओव्हररेटेड" लिहून पळू नका.

उडीमार:

तुझ्याच निकषावर अ‍ॅस्ट्रो बॉट जिंकतो की राव, मग धागा कशाला काढला :)

बघ, त्या गेमने ठरवलं काय होतं? उडी मारायला मजा आली पाहिजे. बस. आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत उडी मारायला मजा येते. तो बनवणारी टीम असोबी साठेक लोकांची टीम आहे, आजकालच्या मोठ्या गेमच्या क्रेडिट्समध्ये एवढे लोक एका पानावर संपतात. त्यांनी काय केलं तर एक कल्पना घ्यायची, तिच्याभोवती एक लेव्हल बांधायची, आणि कंटाळा यायच्या आत ती टाकून पुढे जायचं. ती कॅसिनोची लेव्हल खेळलायस का, जिथे वेळ थांबवता येते? एरवी एवढ्या जोरात सगळं फिरत असतं की तुम्ही त्यावर उभे राहूच शकत नाही, वेळ थांबवली की तीच वेगाने जाणारी वस्तू तुमची पायरी होते. दुसऱ्या कुठल्या स्टुडिओने ही एक कल्पना घेऊन त्यावर वीस तासांचा अख्खा गेम काढला असता, मध्ये स्किल ट्री टाकला असता, वेळ थांबवण्याचा कालावधी ५ टक्के वाढवा वगैरे. यांनी ती लेव्हलपुरती वापरली आणि सोडून दिली. उंदराएवढं व्हायची लेव्हल तशीच, स्पंजवाली तशीच.

आणि कंट्रोलर. काचेवरून चालताना हाताला वेगळं लागतं, वाळूवर वेगळं, हे लिहून सांगता येत नाही. बाकी सगळ्या गेममध्ये व्हायब्रेशन म्हणजे स्फोट झाला की घुर्रर्र.

लहान मुलांचा गेम म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, शेवटी ती ग्रेट मास्टर चॅलेंज नावाची लेव्हल आहे, मध्ये एकही चेकपॉइंट नाही (मेलात की परत पहिल्यापासून), ती पार करून दाखवा मग बोलू.

दगडमाकड:

मी वुकाँगवाला. आधीच सांगतो, गेममध्ये चुका आहेत आणि त्या मला दिसतात. इन्व्हिजिबल वॉल हा प्रकार चीड आणणारा आहे. समोर रस्ता दिसतोय, दगडांवरून सरळ चढून जाता येईल असं वाटतंय, आणि मध्येच हवेत नाक आपटतं, आणि त्याच्याच शेजारी तसाच दिसणारा दुसरा दगड असतो जिथून मात्र जाता येतं आणि मागे गुप्त बॉस (मोठा शत्रू) बसलेला असतो. म्हणजे दर भिंतीला जाऊन धडका मारत बसा. वर नकाशा नाही. तो त्यांनी डिसेंबरच्या अपडेटमध्ये दिला, तोपर्यंत आम्ही सगळे खेळून मोकळे.

पण पत्तेपिसाट, तुझ्या निकषात मोठी गोची आहे. "जे करायला निघाला ते पुरं केलं का" असं विचारलंस की छोटं ध्येय ठेवणारा नेहमीच जिंकणार. ज्याने उडीच एक फुटाची ठरवली त्याला शंभरपैकी शंभर, आणि ज्याने डोंगर चढायचा ठरवला आणि ऐंशी टक्के चढला तो नापास? वुकाँग बनवणाऱ्या गेम सायन्सने याआधी मोबाइलवरचे गेम केले होते. या आकाराचा, पैसे एकदाच देऊन घ्यायचा गेम त्यांनी पहिल्यांदाच केला. आणि पहिल्याच फटक्यात ऐंशीच्या वर बॉस, आणि त्यातले निम्मे तरी असे की दुसऱ्या कुठल्या गेममध्ये असते तर शेवटचा बॉस म्हणून चालले असते.

एक गोष्ट सांगतो जी कोणी बोलत नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वाळूच्या प्रदेशात एक माणूस बसलाय, त्याला मुंडकंच नाही, आणि तो हातातलं तंतुवाद्य वाजवत गातोय. मुंडकं नसताना. तुम्ही नुसते उभे राहता, कंट्रोलर खाली ठेवता. आणि प्रत्येक भाग संपला की एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म, दर वेळी शैली वेगळी, त्या भागाची कथा वेगळ्या बाजूने दाखवणारी. दुसऱ्या भागानंतरची कोल्ह्याची गोष्ट बघून मला त्या भागातल्या उंदीर-बॉसला मारल्याचं काही वाटेनासं झालं होतं ते परत वाटायला लागलं. हे कुठल्या निकषात बसवणार?

आणि आकडे पण बघा ना. स्टीमवर एका वेळी २४ लाखांच्या वर लोक खेळत होते. तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. द गेम अवॉर्ड्समध्ये पब्लिकच्या मताला १० टक्के वजन आहे आणि ज्युरीला ९०. जिथे जिथे पब्लिकला विचारलं तिथे तिथे वुकाँग आला. प्लेयर्स व्हॉइस हे तिथलं फक्त पब्लिकच्या मतांचं बक्षीस पण त्यालाच. एवढंच म्हणायचं होतं.

रात्रपाळी_७:

डीएलसीला नॉमिनेशन दिलं तेव्हाच यादीवरचा विश्वास उडाला. बाकी चालू द्या.

राखाडी_सरदार:

@दगडमाकड, पब्लिकचं म्हणाल तर जो सगळ्यात जास्त विकला गेला त्याला द्यायचं असेल तर मग मतं तरी कशाला घ्यायची, विक्रीचा तक्ता लावून टाका.

@रात्रपाळी, थोडं उलगडून सांगायला पाहिजे होतं कारण मुद्दा चांगला आहे. मी एल्डन रिंगचा पक्का भक्त, अर्डट्री जूनमध्ये आलं त्या आठवड्यात मी जगातून गायब होतो. तरी माझं मत आहे की ते त्या यादीत नको होतं. नियमाप्रमाणे चालतं हे मान्य, त्यांनी नॉमिनेशनच्या वेळी स्पष्ट लिहिलं होतं की डीएलसी, रीमेक, रीमास्टर सगळं चालेल, फक्त ज्युरीला नवीन काम तेवढं तोलामोलाचं वाटलं पाहिजे. आणि हे काही आभाळातून पडलेलं नाही, २०१६ ला विचर थ्रीच्या ब्लड अँड वाइन या एक्स्पान्शनला बेस्ट आरपीजी (रोल प्लेइंग गेम) मिळालंच होतं.

पण त्या विभागातलं बक्षीस वेगळं आणि वर्षाचा सर्वोत्तम वेगळा. अर्डट्रीत शिरायचं असेल तर मूळ गेममध्ये आधी राडान आणि मग मोग हे बॉस मारा, मोगपर्यंत पोचणं म्हणजेच कित्येकांचा अख्खा गेम झाला. म्हणजे ज्याला हे "२०२४ चं सर्वोत्तम" चाखायचंय त्याला आधी २०२२ चा विजेता, म्हणजे मूळ एल्डन रिंग, अर्ध्याच्या वर खेळावा लागतो. लढाईची पद्धत, घोडा, शस्त्रं, ते जग कसं वाचायचं याची सवय, हे सगळं २०२२ चंच भांडवल. त्या भांडवलावर दुसऱ्यांदा बक्षीस मागणं मला पटत नाही. अर्डट्रीतल्या मेसमर या बॉसची लढाई २०२४ मधली सगळ्यात भारी लढाई आहे हे मी लिहून द्यायला तयार आहे, आणि तरीही.

आणि शेवटचा बॉस. त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं. दुसऱ्या टप्प्यात एवढा उजेड मारतात की हल्ला कुठून येतोय तेच दिसत नाही. सप्टेंबरमध्ये पॅच काढून त्याला थोडा माणसात आणला. जे करायला निघाले ते पुरं झालं का, या निकषावर तर अर्डट्री तिथेच अडकतं.

सायली_खेळते:

सगळे आपापला झेंडा घेऊन आलेत, मीही आणते. मेटाफर.

पण आधी एक प्रश्न विचारू का? द गेम अवॉर्ड्सची ज्युरी म्हणजे जगभरातली शंभराच्या वर मासिकं, वेबसाइट वगैरे. मेटाफर आला ११ ऑक्टोबरला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचे गेम धरतात आणि नॉमिनेशन तर त्याच्याही आधी जाहीर झाली. आरामात खेळलात तर गेम ऐंशी-नव्वद तासांचा आहे. रीबर्थ, सगळी साइड कामं धरली तर, त्याहून मोठा. तर मत देणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे दोन्ही शेवटापर्यंत खेळले असतील? मी आरोप करत नाहीये, पत्रकारांना रोज नवीन गेमवर लिहायचं असतं, पण अ‍ॅस्ट्रो बॉट दोन-तीन संध्याकाळीत संपतो, त्यामुळे त्याचा शेवट सगळ्यांनी बघितलेला असतो. त्याचा फायदा होतो असं मला तरी वाटतं. लांब गेमची ऐन मजाच शेवटच्या तिसऱ्या भागात असते आणि तिथपर्यंत मत देऊन झालेलं असतं.

आता मेटाफर का. प्रेस टर्न नावाची पद्धत आहे लढाईची, शिन मेगामी टेन्सेई ही जुनी मालिका खेळलेल्यांना माहीत असेल. शत्रूच्या दुबळ्या जागी मारलं तर अर्धीच चाल खर्च होते, म्हणजे तुम्हाला जास्त चाली मिळतात, आणि नेम चुकला तर एका ऐवजी दोन जातात. नियम एवढाच पण त्याने प्रत्येक फेरी अशी होते की श्वास रोखून बटण दाबायचं. आणि त्यात आर्केटाइप (पात्रांचे पेशे) बदलत बसायचं, कोणाला काय शिकवायचं, बॉसच्या आधी अर्धा तास नुसता मेन्यूत जातो आणि तो मेन्यू एवढा देखणा की त्याचा राग येत नाही. आर्ट डायरेक्शन, नॅरेटिव्ह आणि आरपीजी अशी तीन बक्षिसं त्याला मिळाली, म्हणजे ज्युरीला गोष्ट सगळ्यात चांगली याची वाटली, चित्र सगळ्यात चांगलं याचं वाटलं, आणि सगळ्यात चांगला गेम मात्र दुसराच. आणि गंमत बघा, गेमची गोष्टच अशी आहे की राजा मेलाय आणि लोकांचा पाठिंबा ज्याला जास्त तो पुढचा राजा. तोच मतांत पडला.

ग्राफिक्स जुनाट आहेत हे मान्य. कडा करवतीसारख्या दिसतात. चालतं.

रीबर्थबद्दल पण दोन शब्द, कारण त्याच्या बाजूने इथे कोणीच येणार नाही असं दिसतंय. क्वीन्स ब्लड हा त्यातला पत्त्यांचा खेळ वेगळा काढून विकला असता तरी चालला असता. संगीताचं बक्षीस त्यालाच मिळालं आणि ते योग्यच मिळालं. पण तो केट सिथ नावाचा गडी शिनरा मॅनरमध्ये खोकी फेकतो तो भाग ज्याने ठरवला त्याला एकदा समोर बसवून तोच भाग खेळायला लावायला पाहिजे. मोठ्या गेमचा हाच प्रॉब्लेम, इतकं सगळं घातलं की त्यातलं काढायचं काय हे ठरवायला कोणाला धीर होत नाही.

पत्तेपिसाट:

वा, म्हणजे कारणं देणारे लोक अजून आहेत.

@दगडमाकड, एक फुटाची उडी हा मुद्दा चांगला होता, दिवसभर त्यावर विचार करत होतो. पण बलाट्रोचं ध्येय छोटं होतं असं तू धरून चाललायस, तिथे मी अडतो. बाहेरून छोटं दिसतं. पोकरचे पत्ते, एक हिरवा टेबल, एक खिदळणारा जोकर. पण १५० जोकर असे बनवायचे की कुठलेही पाच एकत्र आले तर त्यातून काहीतरी वेगळंच निघालं पाहिजे आणि तरी गेम मोडता कामा नये, हे मला ऐंशी बॉस बनवण्याइतकंच अवघड वाटतं, फक्त ते दिसत नाही. बॉसचं काम दिसतं, त्याला केस आहेत, दात आहेत. समतोलाला दात नसतात.

एक उदाहरण देतो. परवा राजा-राणी-गुलाम यांच्यावर सगळी गाडी उभी केली होती, सगळे जोकर तेच, चित्रं लावली की पैसे, चित्रं लावली की गुणाकार. पाचव्या अँटीपर्यंत नुसती दिवाळी. सहाव्याला बॉस आला द प्लँट. हा काय करतो तर सगळी चित्रं निकामी. अख्खी गाडी बंद. आता दुकानात जे मिळेल त्यावर एका फेरीत सगळं उलटवायचं, प्लॅनेट कार्ड घेऊन फ्लशची लेव्हल वाढवली, दोन आवडते जोकर विकून टाकले, बदामाचे साधे पाच पत्ते लावून शेवटच्या हाताला कसाबसा पार झालो. कोणी लिहिलेली गोष्ट नाही ही, पण त्या वीस मिनिटांत जेवढा जीव खालीवर झाला तेवढा कुठल्या कटसीनने झाला नव्हता. नियमांतून गोष्ट निघते ती अशी.

@उडीमार, अ‍ॅस्ट्रो बॉट तू म्हणतोस तितका सुबक आहे, त्यात वाद नाही. पण माझी अडचण दोन. एक तर जे तू गुण म्हणून सांगितलंस तेच मला कमी वाटतं, वेळ थांबवायची एवढी भारी कल्पना, तिच्या पोटात काय काय आहे ते बघायच्या आत लेव्हल संपते. दुसरं म्हणजे त्या गेमला टाळ्या मिळाल्या त्यातल्या काही प्लेस्टेशनच्या जुन्या आठवणींना मिळाल्या. दीडशेच्या वर बॉट जुन्या गेममधल्या पात्रांचे कपडे घालून उभे. ज्याने ते गेम खेळलेच नाहीत त्याला त्यातलं काय दिसणार? डोक्यावर टोपी घातलेला एक रोबो.

(बाय द वे, बलाट्रोला युरोपात गेमना वयाचं रेटिंग देणाऱ्या पेगीने आधी १८ वर्षांवरचं रेटिंग दिलं होतं, कारण म्हणे पोकरचे हात शिकवतो. एक पैसा लावायची सोय नाही त्यात. २०२५ च्या फेब्रुवारीत ते १२ वर आणलं. फुटबॉलच्या गेममध्ये पाकिटं फोडून खेळाडू विकत घ्यायचे ते मात्र तेव्हा लहानांना चालत होतं. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, सोडा.)

उडीमार:

टोपी घातलेला रोबो :D

अरे पण तो टोपीवाला रोबो काढला तरी लेव्हल तशीच उभी राहते ना. मी स्वतः त्या पात्रांतली अर्धी ओळखली नाहीत. ओळखली नाहीत म्हणून उडी बिघडली का? नाही. आठवणींवर उभे असलेले भाग आहेत, पाच लेव्हल आहेत अशा जिथे जुन्या हिरोंची हत्यारं हातात मिळतात, गॉड ऑफ वॉरमधल्या क्रेटॉसची कुऱ्हाड वगैरे, आणि खरं सांगायचं तर त्याच मला गेममधल्या सगळ्यात फिक्या वाटल्या. सगळ्यात भारी त्या, ज्यांचा कुठल्याही जुन्या गेमशी संबंध नाही.

आणि "कल्पनेच्या पोटात काय आहे" हे तू पत्त्यांच्या नजरेने बघतोयस. प्लॅटफॉर्मरमध्ये (उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये) खोली म्हणजे तीच गोष्ट शंभर वेळा नाही. बटणं दोन-तीनच, पण त्यात लटकण्याची लेसरची उडी किती लांब धरायची, फटका उडीच्या आधी की नंतर, हे शेवटच्या लेव्हल्सना एवढं बारीक होतं की हात शिकतो, डोकं नाही.

दगडमाकड:

"समतोलाला दात नसतात" हे चोरतोय.

तरी माझं म्हणणं तिथेच आहे. सुबकपणाला बक्षीस द्यायचं ठरवलं की दर वर्षी धाडस करणारा मागे राहणार. २०१८ ला गॉड ऑफ वॉर आणि रेड डेड टू यांच्यात हेच झालं होतं. रेड डेडने एवढं मोठं जग उभं केलं की घोड्याच्या खुराखालचा चिखल पण वेगळा, आणि बक्षीस गेलं ज्याने कमी जागेत नीट मांडणी केली त्याला. मला गॉड ऑफ वॉर आवडतो, पण आज इतक्या वर्षांनी मी परत जातो तो रेड डेडकडे.

राखाडी_सरदार:

रेड डेडला त्याच रात्री चार बक्षिसं मिळाली होती, रिकाम्या हाताने नाही गेला बिचारा. आणि परत जातो म्हणजे घोड्यावर बसून फिरतो ना? मिशन किती परत खेळलास ते सांग. मिशनमध्ये रस्ता सोडून दहा पावलं बाजूला गेलं की फेल. जग धाडसी होतं, मिशन नव्हती.

बॅकलॉगचा_बादशहा:

सहाच्या सहा सोडा हो, यादीत नसलेल्यांचं कोण बोलणार? हेलडायव्हर्स टू फेब्रुवारीत आला आणि दोन-तीन महिने अख्खं जग एकाच युद्धात गुंतलं होतं, सगळे खेळाडू मिळून ग्रह जिंकायचे आणि हरायचे, बातम्यांसारखं रोज बघायला लागायचं आज काय पडलं. त्याला बेस्ट मल्टिप्लेयर आणि बेस्ट ऑनगोइंग देऊन कटवलं. अ‍ॅनिमल वेल पण एकाच माणसाने बनवलेला, काही मोजक्या एमबीचा गेम आणि त्यात कोडी अशी की त्यातलं एक तर लोकांनी इंटरनेटवर एकमेकांचे तुकडे जमवून सोडवलं, एकट्याला जमण्यासारखं नव्हतंच. आणि इंडियाना जोन्स ९ डिसेंबरला आला म्हणजे तो २०२४ चा असून २०२५ च्या यादीसाठी धरला. ही कसली पद्धत, डिसेंबरात वर्ष संपतच नाही जणू.

पत्तेपिसाटच्या निकषावर माझं मत अ‍ॅनिमल वेल. ज्याचं नावच घेतलं नाही तो जिंकला.

सायली_खेळते:

बादशहा, तारखेचं एकदम बरोबर. पण त्याहून मोठी भानगड वेगळीच आहे. अ‍ॅस्ट्रो बॉट फक्त पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर. रीबर्थ २०२४ मध्ये फक्त पीएस५ वर, पीसीवर आला तो २०२५ च्या जानेवारीत. वुकाँग २०२४ मध्ये एक्सबॉक्सवर आलाच नव्हता. बलाट्रो मात्र सगळीकडे, सप्टेंबरपासून फोनवर सुद्धा. म्हणजे पब्लिकने मत दिलं म्हणतो तेव्हा पब्लिकने सहाच्या सहा समोर ठेवून दिलंय का? स्टीमवर तर अ‍ॅस्ट्रो बॉट उभाच राहू शकत नव्हता, गेमच नाही तिथे. मग तिथे वुकाँग अ‍ॅस्ट्रो बॉटला हरवून आला असं कसं म्हणता येईल, समोर कोणी नव्हतंच.

म्हणून सरळ विचारते. इथे भांडणाऱ्यांपैकी सहाही गेम शेवटापर्यंत कोणी खेळलंय? माझे चार. अर्डट्रीत मी मोगपर्यंतच पोचलेले नाही आणि वुकाँग तिसऱ्या भागात पिवळ्या भुवयांच्या त्या बॉसपाशी सोडलाय, तो अंगावर सोनं चढवून उभा राहतो आणि काही लागतच नाही त्याला.

दगडमाकड:

त्याच्या अंगावर सोनं असताना मारूच नका, तो वेळ नुसता पळण्यात घालवा. सोनं उतरलं की स्थिर करायचा मंत्र टाका आणि मग जे आहे ते सगळं ओता. आणि तो पार केलात की पुढचा चौथा भाग बघा, दिसायला सगळ्यात सुंदर तोच आहे, तिथे सोडू नका प्लीज.

माझे तीन. वुकाँग, अर्डट्री, बलाट्रो. पीएस५ नाही.

राखाडी_सरदार:

तीन आणि मेटाफर अर्धा. अर्धा धरतात का?

उडीमार:

माझे चार. बलाट्रो उघडला होता पण दुसऱ्या अँटीच्या पुढे गेलो नाही, कळलंच नाही लोक काय एवढे वेडे झालेत. पत्तेपिसाट, तो जोकरांच्या क्रमाचा प्रकार मला माहीतच नव्हता, मी सगळे जसे येतील तसे ठेवत होतो.

पत्तेपिसाट:

जसे येतील तसे?! अरे मग दुसऱ्या अँटीलाच मरणार ना. बेरजेवाले डावीकडे, गुणाकारवाले एकदम उजवीकडे. ब्लूप्रिंट नावाचा मिळाला तर डोळे झाकून घे, तो आपल्या उजवीकडच्या जोकरची नक्कल करतो, त्यामुळे तुझ्याकडे जो सगळ्यात तगडा असेल त्याच्या लगेच डावीकडे ठेव.

सायली, माझे पाच. रीबर्थ राहिलाय, पीसीवर आल्यावर घेणार होतो पण दीडशे जीबीच्या वर जागा मागतोय, त्यासाठी काय काय उडवायचं ते ठरत नाहीये. आणि तू वर जे खोक्यांचं लिहिलंस ते वाचून आता घाई पण वाटत नाहीये.

सायली_खेळते:

खोकी फार तर अर्ध्या तासाची आहेत हो. क्वीन्स ब्लडसाठी तरी घ्या, तुमच्यासारख्याचं मुख्य कथानक तसंही बाजूला राहणार आहे.